आठ फनांचं पत्र

नाशिकरोडला आमच्या शेजारी एक निवृत्त कॅशियर राहतात. उभी हयात दुसऱ्यांच्या नोटा मोजण्यात गेली, आणि स्वतःच्या म्हणून जमवायला घेतल्या त्या चिनी. त्याही शंभराच्या-पन्नासच्या नव्हेत. पार खालच्या, ज्या आज चीनमध्ये रस्त्यात पडल्या तर कुणी वाकणार नाही अशा. त्यांची भाची काही वर्षं ग्वांगझोऊला होती, इथल्या एका आयातदारासाठी माल तपासायला. चिनी सफाईनं बोलते. मामांचा अल्बम तिला मुळीच मान्य नाही. दोघांचं जुंपलं की मला बोलावणं येतं, मध्ये तोंड घालायचं नाही या अटीवर. दोन-तीन बैठकींतलं बोलणं इथं सलग लावलं आहे. अट मी तिथं पाळली. इथं पाळलेली नाही.

भाची : मामा, मी तिथं राहिले तेवढ्या काळात फनची नोट एकदाही पाहिली नाही. कुणाच्या पाकिटात नाही, दुकानाच्या गल्ल्यात नाही. आणि तुझ्याकडे ढीग! जे कुणी वापरत नाही ते जमवून तुला चीन कळणार कसा?

मामा : फनच्या कागदी नोटा १ एप्रिल २००७ ला बंद झाल्या. तू गेलीस त्याच्या नंतर. दिसणार कुठून? आणि ढीग काय म्हणतेस? शंभर नोटांचं पॅकेट, दहा पॅकेटांचं बंडल. कॅशियरच्या घरात जरा मापात बोल.

भाची : बरं, पॅकेट. त्यातल्या एका नोटेची किंमत किती?

मामा : दर्शनी म्हणशील तर दहा फनांचा एक ज्याओ, दहा ज्याओंचा एक युआन. म्हणजे फन हा युआनचा शंभरावा भाग. युआनला बारा-एक रुपये धरले तर एका फनाचे बारा पैसे. आख्खं पॅकेट फोडलं की एक युआन हातात.

भाची : जो कुणी देणार नाही.

मामा : दर्शनी किंमत विचारलीस, मी सांगितली.

भाची : आणि तुझे हे युआन-ज्याओ कागदावरचे. बाजारात कुणी ‘युआन’ म्हणत नाही. ‘क्वाय’ म्हणतात. ज्याओला ‘माओ’ म्हणतात. तू तिथं जाऊन भाजीवालीला ज्याओ विचारलास तर तिला वाटेल, बँकेतून तपासणीला आलाय.

मामा : मग आपल्याकडे काय वेगळं होतं? नाण्यावर ‘५० पैसे’ आणि तोंडात ‘आठ आणे’. आणे जाऊन किती वर्षं झाली तरी बारा आणे, चार आणे चालूच होते. छापलेलं सरकारचं आणि बोललेलं लोकांचं, हे सगळीकडेच.

भाची : तेच म्हणतेय. तुझ्याकडे फक्त सरकारचं आहे. एक प्रश्न घालते. दुकानदार म्हणाला, ‘तीन क्वाय सहा’. किती द्यायचे?

मामा : तीन युआन सहा फन.

भाची : चूक. तीन युआन साठ. शेवटचं एकक ते बोलतच नाहीत. क्वायच्या पुढे नुसता आकडा आला की तो माओ समजायचा. तीन युआन सहा फन असतील तर मध्ये ‘शून्य’ म्हणावं लागतं आणि शेवटी ‘फन’ स्पष्ट सांगावं लागतं. नव्या माणसाची पहिली फसगत इथं होते. अल्बम चाळून हे कळत नाही.

मामा : कळत नाही, कबूल. पण असं का, ते अल्बमच सांगतो. आपल्याकडे रुपया आणि पैसा यांच्या मधली पायरी होती आण्याची. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि ती गेली. चिन्यांनी मधली पायरी ठेवली. युआनच्या दहाव्या भागाला त्यांच्याकडे नुसतं नाव नाही, स्वतःची नोट आहे. एक ज्याओ, पाच ज्याओ, आणि २०१८ पर्यंत दोन ज्याओ. म्हणून त्यांचा माणूस साठ पैसे म्हणत नाही, सहा माओ म्हणतो. तू ऐकलंस ते मी पाहिलं, एवढंच.

मामांनी एक फनची नोट माझ्या हातात दिली. नऊ सेंटीमीटर लांब, सव्वाचार रुंद. एसटीच्या जुन्या तिकिटापेक्षा थोडी मोठी. पिवळट तपकिरी छपाई, मधोमध मालवाहू ट्रक. मागे राष्ट्रचिन्ह. त्यावरचं साल चिनी अक्षरांत १९५३. नोट म्हटली की आपली नजर आधी नंबराकडे जाते. तो इथं नाहीच. त्याच्या जागी तीन रोमन आकडे. एक ते दहापर्यंतचे दहा रोमन आकडे घेऊन त्यांतला दहा म्हणजे शून्य मानायचा, असा हा सांकेतिक क्रम आहे. तीन जागा, म्हणजे फार तर एक हजार गट, आणि एका गटात लाखो नोटा अगदी एकसारख्या. सुरुवातीच्या नोटांवर या रोमन आकड्यांपुढे सात अंकी नंबर होता. नंबर टाकायचा म्हणजे छापखान्यात आणखी एक फेरा. नाशिकरोडच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. इथं दर चार घरांआड नोटांच्या प्रेसमधला कुणीतरी निघतो. शंभरावा हिस्सा छापायला त्याहून जास्त खर्च कोण करील? नंबर गेला. साल मात्र १९५३ च राहिलं. नव्या छपाईवरही जुनंच साल.

मामा : आता हे अक्षर बघ. ‘एक’. चिनीत एक लिहायचा म्हणजे एक आडवी रेघ. दोनला दोन रेघा, तीनला तीन. खाली एक रेघ ओढली की एकाचे दोन झाले. म्हणून नोटेवर आणि हुंडीवर ही वेगळी, भरगच्च अक्षरं. बारा फराट्यांचा एक आहे हा. आपण चेकवर रक्कम अक्षरी लिहून पुढे ‘फक्त’ ठोकतो, तसलाच बंदोबस्त.

भाची : ती अक्षरं मी पावत्यांवर लिहिलीयत मामा. अजून चालतात. कंपनीच्या कागदावर साधा एक लिहिला तर कारकून कागद परत करतो.

मामा : बघ, एवढ्याशा नोटेनं तुझा-माझा कुठंतरी मेळ घातला!

भाची : घातला. पण ज्याला बारा फराट्यांचा पहारा आहे, त्या एका फनाला मिळत काय होतं? ते सांग. नाहीतर हे नुसतं चित्र.

इथं भाचीनं नेमक्या जागी बोट ठेवलं. नोटा जमवणारे बहुतेक लोक रंग, छपाई, जलचिन्ह, दुर्मीळपणा यांवर तासन् तास बोलतील. त्या नोटेत काय यायचं हे विचारलं की गप्प. मामा गप्प बसले नाहीत, पण त्यांनी उत्तर लांबून सुरू केलं.

मामा : आधी मागे जाऊ. पीपल्स बँक ऑफ चायना १ डिसेंबर १९४८ ला स्थापन झाली, आणि त्याच दिवशी रेन्मिन्बीच्या, म्हणजे आजच्या चिनी चलनाच्या, पहिल्या नोटा निघाल्या. त्या आधीच्या सरकारनं चलनाचा एवढा चुथडा केला होता की ऑगस्ट १९४८ मध्ये जुने तीस लाख घेऊन नवा एक ‘सुवर्ण युआन’ दिला, आणि तोही काही महिन्यांत मातीमोल. नव्या, कम्युनिस्ट राजवटीलाही महागाई लगेच आवरली नाही. पहिल्या मालिकेत सगळ्यात मोठी नोट पन्नास हजार युआनची होती, आणि सगळ्यात लहान एक युआनची. फन-ज्याओ छापलेच नाहीत. छापून उपयोग काय? मग १ मार्च १९५५ ला दुसरी मालिका आली. जुने दहा हजार आणा, नवा एक घेऊन जा. आता तूच हिशेब कर. नवा एक फन म्हणजे जुने किती?

भाची : शंभर युआन.

मामा : म्हणजे हा ट्रक जुन्या शंभराच्या नोटेच्या जागी आला.

भाची : चार शून्यं पुसली. हिशेबाची सोय झाली. त्यात एवढं काय?

मामा : अगं, शून्यं कुणीही पुसतं. सुवर्ण युआनवाल्यांनी तर त्याहून जास्त पुसली होती. पण पुसल्यावर शंभराव्या हिश्शाची नोट छापायला छाती लागते. आज छापलेला फन उद्याही काहीतरी आणील, असं त्यात गृहीत असतं. भाव पळत असतील तर कुठलंही सरकार फन छापत नाही. मोठी नोट सरकारची गरज सांगते. सरकारला स्वतःबद्दल किती खात्री आहे, ते लहान नोटेवरून कळतं.

भाची : खात्री काय, जबरदस्ती म्हण. भाव स्थिर होते कारण ठरवून दिले होते. आणि नुसत्या पैशाला काही मिळत नव्हतंच. धान्याला कुपन, तेलाला कुपन, कापडाला कुपन. १९५५ ला तुझे फन आले आणि त्याच वर्षी धान्याची कुपनंही आली. ती १९९३ पर्यंत टिकली. १९५९ ते ६१ मध्ये कोट्यवधी माणसं उपाशी मेली तेव्हा फन तेवढाच होता मामा. एका पैशानं उतरला नव्हता. तांदूळ नव्हता.

मामा काही वेळ अल्बमची पानं उलटत राहिले. त्या कुपनांचंही एक पान त्यांच्याकडे आहे, पण ते त्यांनी उघडलं नाही. माझ्या मते या एका मुद्द्यावर भाची जिंकली. जिथं रांगेत उभं राहण्याचा हक्क वेगळ्या कागदावर छापलेला असतो, तिथं चलनी नोट हा अर्धाच पैसा. त्या काळचा चीन गोळा करायचा तर नोट आणि कुपन एकाच कप्प्यात ठेवायला हवीत. धान्याची कुपनं ‘जिन’मध्ये असतात, म्हणजे अर्ध्या किलोत. आपल्याकडे जुन्या बाजारात ‘चायना नोट’ म्हणून जी रंगीत चिटोरी पाच-दहा रुपयांना मिळतात, त्यांत ही कुपनं हमखास निघतात. विकणाऱ्याला माहीत नसतं, घेणाऱ्याला त्याहून नसतं.

मामा : बरं, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर, कुपन न लागणाऱ्या वस्तूचं. काडेपेटी दोन फनांना. विमानाची निळी नोट दिली की काडेपेटी. आणि पत्र. गावातल्या गावात टाकायचं तर चार फनांचं तिकीट. परगावी, मग ते पुढच्या तालुक्याला असो की पार शिनजियांगला, आठ फन. हा दर १९५५ पासून १९९० पर्यंत हलला नाही.

भाची : पस्तीस वर्षं?

मामा : पस्तीस वर्षं. आता माझ्या या पानाकडे बघ. दुसऱ्या मालिकेत फनच्या तीन नोटा. एकच्या नोटेवर ट्रक, दोनवर विमान, पाचवर जहाज. एक, दोन आणि पाच. बेरीज?

भाची : आठ.

मामा : तीन नोटा काउंटरवर ठेवल्या की पत्र देशात कुठंही. जमिनीवरून, हवेतून, पाण्यातून.

भाची : मामा, एक-दोन-पाच हे जगात सगळीकडे असतं. दुकानदारीचं गणित आहे ते. कमीत कमी तुकड्यांत कुठलीही रक्कम भागवायची. यात तुला कविता दिसली, हा तुझा दोष.

मामा : योगायोग आहे, मला ठाऊक नाही का? पण मी ते पान असंच ठेवणार.

भाची : ठेव. फक्त तुझं ते आठ फनांचं तिकीटही शेजारी लाव. १९८० चं माकडाचं तिकीट मिळालं तर बघ.

मामा : त्या लाल माकडाला आज हजारो युआन पडतात. दर्शनी किंमत आठ फन. ते माझ्या आवाक्यातलं नाही.

भाची : म्हणजे स्वस्त ते महत्त्वाचं, आणि महाग झालं की तुझ्या आवाक्यातलं नाही. तत्त्व तरी सोयीचं आहे.

पाच फनांच्या नोटेवरच्या जहाजाची गोष्ट मामा रंगवून सांगतात. ते जहाज ‘हायल्याओ’ असल्याचं म्हणतात. १९ सप्टेंबर १९४९ ला ते हाँगकाँगहून जुन्या सरकारच्या हुकमानं निघालं. कप्तान फांग जनल्यूनं वाटेत तोंड फिरवलं, ओळखू येऊ नये म्हणून जहाजाचं रंगरूप बदललं आणि २८ तारखेला ते उत्तरेला दालियनला आणून नव्या राजवटीच्या हवाली केलं. भाचीला ही गोष्ट आवडते, पण तिचा त्यावरचा शेरा वेगळा आहे.

भाची : पळून आलेलं जहाज नोटेवर. पळून गेलेल्यांचं जहाज कुणाच्या नोटेवर? चित्र निवडणारा एकच असतो. तिसऱ्या मालिकेत एक युआनवर ट्रॅक्टर चालवणारी बाई, पाच ज्याओवर कापडगिरणीतल्या बाया. चौथ्या मालिकेत दहा युआनपर्यंतच्या प्रत्येक नोटेवर दोन-दोन जमातींची हसरी माणसं. एक ज्याओवर गावशान आणि मांचू, दोनवर बूई आणि कोरियन मुली, पाचवर म्याव आणि ज्वांग. त्यांना कुणी विचारलं होतं, तुम्हाला ज्याओवर बसायचंय की शंभराच्या नोटेवर?

मामा : शंभराच्या नोटेवर कोण होतं, ते सांग.

भाची : माओ, चौ एन-लाय, ल्यू शाओची, जू द. चौघांची डोकी एका रांगेत.

मामा : बरोबर. आणि ती नोट आली १९८८ मध्ये. तोवर माओचं चित्र पीपल्स बँकेच्या एकाही नोटेवर नव्हतं. हयातीत त्यानं ते येऊ दिलं नाही. १९९९ च्या पाचव्या मालिकेपासून मात्र एक युआनपासून शंभरापर्यंत तोच. म्हणजे ट्रॅक्टरवाली बाई बघायची असेल तर जुन्या, लहान नोटांकडेच यावं लागतं. प्रचार म्हण हवं तर. पण ज्या प्रचारात ट्रकला आणि गिरणीतल्या बायकांना जागा होती, तो मला नंतरच्या एका चेहऱ्यापेक्षा बरा वाटतो.

भाची : मला दोन्ही सारखेच.

मामा : आणि मागची बाजू? एवढ्याशा जागेत मंगोल, तिबेटी, उइगुर. पुढे ज्वांगही आली. मंगोल उभी लिहिलेली, उइगुर उजवीकडून. ज्वांग रोमन लिपीत, त्यामुळे नवख्याला वाटतं, इंग्रजी छापताना चुकलंय. आणि ही तिबेटी बघ, ब्राह्मीच्या कुळातली. वाचता येत नाही, पण अक्षराच्या डोक्यावरची रेघ ओळखीची वाटते.

भाची : आपल्या नोटेवर पंधरा भाषांची पट्टी आहे. म्हणून कुणाच्या भाषेचं भलं झालंय का?

मामा : नाही झालं. पण पट्टीवरून मराठी काढली तर पहिली ओरडशील ती तूच.

यावर भाची हसली, पण उत्तर दिलं नाही. पुढचा हल्ला मात्र तिनं फार तयारीनं केला. मामांच्या संग्रहाच्या मुळावरच तो होता.

भाची : तू म्हणतोस, लहान नोट म्हणजे सामान्य माणसाचा पैसा. लाखो हातांतून गेलेला. मग तुझ्या या नोटा इतक्या करकरीत कशा? एक घडी नाही, एक डाग नाही. या कुणाच्याही हातातून गेलेल्या नाहीत मामा. बँकेच्या तिजोरीतून बंडल निघालं, दलालाकडे गेलं, तिथून दुसऱ्या दलालाकडे, तिथून तुझ्याकडे. तिथले संग्राहक नोट नव्हे, अख्खी बंडलं घेऊन ठेवतात, भाव चढेल म्हणून. नंबरात ४ नको, ८ असले तर जास्त पैसे. तू जमवलेला कागद सामान्य माणसानं पाहिलासुद्धा नाही.

मामा : आपल्याकडेही ७८६ च्या नोटेला जास्तीचे पैसे मोजतातच की.

भाची : विषय बदलू नकोस.

मामा : नाही बदलत. हे घे.

मामांनी अल्बमच्या शेवटच्या कप्प्यातून दोन ज्याओची एक नोट काढली. १९६२ सालची, वूहानचा यांगत्सीवरचा पूल असलेली. तो पूल १९५७ मध्ये खुला झाला आणि पाच वर्षांत नोटेवर आला. या नोटेत हिरवा रंग होता असं म्हणावं लागेल, इतका तो उडालेला. आधी उभी, मग आडवी, मग पुन्हा उभी अशी घडी घालून कुणीतरी ती वर्षानुवर्षं वापरलेली. घड्या जिथं एकमेकींना छेदतात तिथं बारीक भोकं. मागून पातळ कागदाची पट्टी खळीनं चिकटवलेली. पट्टी सरळ कापलेली आहे, कोपरे नोटेच्या कडेशी नीट जुळवलेले. घाईत केलेलं काम नाही. कोपऱ्यात फिक्या निळ्या शाईत काहीतरी लिहिलंय.

भाची : ४३७. की ४८७?

मामा : तुला काय वाटतं?

भाची : हजेरीचा नंबर असेल. नाहीतर मोजणीची खूण. आपल्या बँकेतले लोक गड्डीच्या वरच्या नोटेवर आकडा टाकायचे ना?

मामा : टाकायचे. रिझर्व्ह बँकेनं नको म्हटलं तरी टाकायचे. मीही टाकलेत.

भाची : ही किती रुपयांची?

मामा : दलालानं फुकट दिली. शंभर कोऱ्या नोटा घेतल्या, त्यावर ही. तो म्हणाला, हिला गिऱ्हाईक नाही.

भाची : तुझ्या अल्बमात ही शेवटच्या कप्प्यात, आणि कोऱ्या पहिल्या पानावर. आता बोल.

मामा बोलले नाहीत. मी बोलतो. संग्राहकांच्या बाजारात ‘कोरी’ हा सर्वांत वरचा दर्जा असतो आणि वापरलेली नोट म्हणजे उतरलेला माल. मोठ्या नोटांच्या बाबतीत ते ठीक. त्या जपून ठेवण्यासाठीच होत्या. दोन ज्याओची नोट खर्च होण्यासाठी छापली होती, आणि जिचं पोट फाटल्यावर कुणीतरी मागून पट्टी लावली, तिच्यात दोन ज्याओ नेमके किती होते हे वेगळं सांगावं लागत नाही. बाजारभाव आणि नोटेतला मजकूर इथं उलट्या दिशेला चालतात. भाचीला हे मान्य आहे. मामांनाही आहे, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. पण नोटेची जागा त्यांनी अजून बदललेली नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी मामांचे दोन-चार इशारे इथंच उरकून टाकतो. ‘बँक ऑफ चायना’ असं इंग्रजीत छापलेल्या एक आणि पाच ज्याओच्या नोटा म्हणजे परक्या पाहुण्यांसाठीची विनिमय प्रमाणपत्रं; ती १९८० ते १९९४ अखेरपर्यंत चालली आणि साध्या चिनी माणसाच्या खिशात ती असणं अपेक्षित नव्हतं. एकाच बाजूला छापलेली इवलीशी एक सेंटची नोट हाँगकाँगची. तिचा आणि फनचा संबंध नाही. बँकेतल्या नवख्या कारकुनांना नोटा मोजायच्या सरावासाठी दिलेल्या खोट्या नोटा असतात, त्या खऱ्या म्हणून खपवल्या जातात. आणि ज्यावर कोट्यवधींचा आकडा नि मुकुट घातलेला दाढीवाला देव असतो, त्या पितरांसाठी जाळायच्या. त्या घेऊन कुणी मामांकडे आला की ते शांतपणे म्हणतात, ‘ही इथं चालत नाही, वर चालते.’

भाची : ते सगळं ठीक. पण तुला चीनच का? घरचं इतकं पडलं आहे. आणे आहेत, पै आहेत, इथं नाशिकला छापलेल्या एक रुपयाच्या नोटा आहेत.

मामा : कोटणीस.

भाची : डॉक्टर कोटणीस?

मामा : सोलापूरचे. १९३८ ला डॉक्टर म्हणून चीनला गेले, डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, बत्तीस वर्षांचे होते. शेवटची वर्षं ज्या भागात काढली, त्या सरहद्द प्रदेशाची वेगळी बँक होती, वेगळ्या नोटा होत्या. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या इस्पितळात डॉक्टरला जे काही मिळत असेल ते त्याच नोटांत. ती बँक पुढे दुसरीत मिसळली, ती दुसरी तिसरीत, आणि त्यातून पीपल्स बँक उभी राहिली. कुठं, माहीत आहे?

भाची : शिजियाझ्वांगला. तिथं कोटणीसांची समाधी आहे. मी गेलेय मामा.

मामा : तू गेलीस, आणि मला सांगितलं नाहीस?

भाची : तू विचारलं नाहीस. तू फन विचारत होतास.

मामा : आणि दुसऱ्या महायुद्धात तिथल्या सरकारच्या नोटा इंग्लंड-अमेरिकेत छापून यायच्या. बंदरं जपान्यांकडे. मग त्या पेट्या इथून, भारतातून, विमानानं हिमालयावरून तिकडं. नोटा विमानात, आणि त्या पोचेपर्यंत त्यांतला पैसा आणखी उतरलेला. त्या काळच्या नोटा मी घेत नाही. मोठे आकडे आहेत, मजा नाही.

भाची : तुझ्या फनाबद्दल तुला एक सांगू? तो मेलेला नाही.

मामा : नोट गेली, ॲल्युमिनियमचं नाणं अजून कायद्यानं चालतं, हे मला माहीत आहे. १ डिसेंबर १९५७ चं.

भाची : नाण्याचं नाही म्हणत. ते कुणी घेत नाही. शांघायला एक युआनचं नाणं दिसतं, बीजिंगकडे एक युआनची नोट, फन कुठंच नाही. पण फोनवर? भाजीचे पैसे स्कॅन करून द्यायचे तर तीन युआन अडुसष्ट फन, म्हणजे तीन दशांश अडुसष्ट, अगदी शेवटच्या फनापर्यंत कापले जातात. गल्ल्यातून सुटे द्यायचे होते तोवर दुकानदार वरचे फन सोडून द्यायचा. फोन काही सोडत नाही. वीचॅटवर सणाला पैशाची लाल पाकिटं पाठवतात, त्यात कमीत कमी किती घालता येतात? एक फन. ऑफिसातल्या गटात कुणीतरी एक पाकीट टाकायचं आणि वाट्याला एक फन आला की सगळे हसायचे.

मामा : म्हणजे मोजण्यापुरता फन राहिला.

भाची : मोजण्यापुरताच असतो ना पैसा? हात लावायला नाही.

मामा : साठच्या दशकात तिथं लहान मुलांचं एक गाणं होतं, ‘एक फन’. पान जनशंग नावाच्या संगीतकाराचं. मुलाला रस्त्यात एक फन सापडतो आणि तो पोलीसकाकांना नेऊन देतो. आता त्या मुलानं काय करायचं? रस्त्यात फोनमधला फन सापडत नाही.

भाची : आता मुलाला काही सापडत नाही, आणि पोलिसाला हिशेब आधीच माहीत असतो. मला यात वाईट वाटत नाही, मामा. सुट्या पैशांवरून भांडणं नाहीत, फाटकी नोट कुणी माथी मारत नाही.

मामा : कुणी कुठं काय घेतलं, तेही कुणाला तरी कळतं. दोन ज्याओच्या नोटेला तोंड नव्हतं.

भाची : नंबर होता.

मामा : फनवर तोही नव्हता.

यावर मात्र भाचीजवळ उत्तर नव्हतं, किंवा असलं तरी तिनं दिलं नाही. लाखो जुळ्या नोटांत कुठली कुणाची हे बँकेलाही सांगता येणार नाही, असा पैसा सरकारनं स्वतः छापला होता, तोही केवळ नंबर टाकणं परवडत नाही म्हणून. ही मोकळीक कुणी ठरवून दिलेली नव्हती. मामांच्या सगळ्या बोलण्यात मला पटलेली ही गोष्ट, आणि ती त्यांना त्या दिवशी सुचेपर्यंत त्यांनीही कधी म्हटली नव्हती.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मुंबईच्या दलालाकडे पाच फनांची एक जुनी नोट आली होती. रोमन आकडे आणि पुढे पूर्ण नंबर असलेली.

भाची : किती म्हणतोय?

मामा : तू विचारू नकोस.

भाची : म्हणजे बराच. मामा, आत्ता काय म्हणालास? नंबर नाही म्हणून फन मोठा. स्वस्त म्हणून मोठा. लोकांनी वापरला म्हणून मोठा. ही नंबरवाली, महाग आणि कोरी.

मामा : कोरी नाही. मधोमध एक घडी आहे म्हणतो.

भाची : घेणार तू.

मामा : अगं, आधी फोटो तर मोठा करून बघ. आजकाल बिननंबरी नोटेवर नंबर छापून विकतात. सात अंक आहेत का मोज, आणि शाई रोमन आकड्यांसारखीच दिसते का सांग.